पंचेचाळीस टक्के

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत आया भाड्याच्या खोल्यांत राहतात, लेकरांच्या ताटात ताजी भाकर पडावी म्हणून. नवरे गावाकडं सोयाबीन सांभाळतात. शिवकन्या अशीच हदगावहून आलेली. तिची आरती बारावीला. शेजारच्या खोलीत नांदेडची सालेहाआपा, तिचा फैजान त्याच क्लासला.

क्लासचे मालक पंढरी सर. त्यांना एक दिवस या आयांचा लई कळवळा आला. पालक मेळाव्यात पोहे खाऊ घालून त्यांनी फुकट रक्त तपासून घेतलं. महिन्यानं निम्म्या बायांना आत बोलावलं. शेजारी डॉक्टर बसवून सर सांगू लागले,

"ईएसआर-वन जीनमध्ये फरक निघालाय. हे बघा, पंचेचाळीस टक्के. उद्या कॅन्सर होईल, हाडं भुसभुशीत होतील. गर्भाची पिशवी आणि अंडाशय काढून टाका, सुटाल."

प्रत्येक ऑपरेशनमागं सरांचा वाटा ठरलेला, हे क्लासच्या शिपायालाही ठाऊक होतं. शिवकन्या पस्तिशीची. तिला सोमवारची तारीख मिळाली. सालेहाआपाचं ऑपरेशन मागच्या खेपेलाच उरकलं होतं. अडतिसाव्या वर्षीच पाळी गेलेली, ती घामानं चिंब होऊन दिवसभर पंख्याखाली बसायची.

त्या गल्लीत सगळं टक्क्यांत मोजायची खोड. रविवारी नळावर बाया पोरांच्या टेस्टसारखे आपले रिपोर्ट ताडून पाहू लागल्या.

"माझे पंचेचाळीस. तुझे गं, सरजाबाई?"

"पंचेचाळीसच की."

"माझे बी!"

"अगं बया, सगळ्यांनी कॉपी केली का काय?"

बाया खिदळल्या. शिवकन्या हसली नाही. इंग्रजी कागदातला तिला आकडाच तेवढा कळायचा. पण इतक्या जणींचा रोग एकाच मापाचा कसा?

खोलीवर येऊन तिनं कागद लेकीपुढं धरला. आरतीनं खालची बारीक ओळ वाचली अन् तिचं तोंड उतरलं.

"आई, हा तुझा धोका न्हाई. हा फरक शंभरातल्या पंचेचाळीस माणसांत असतोच, असं लिहिलंय."

"माणसांत?"

"बाप्यांत बी. इस्ट्रोजेन ही किल्ली धर, रिसेप्टर म्हंजे कुलूप. ईएसआर-वन त्या कुलपाचा जीन. त्यात एका अक्षराचा फरक. काही अभ्यासांत हाडांशी, कॅन्सरशी जरासा संबंध दिसला, काहींत दिसलाच न्हाई. अन् अंडाशय काढलं की किल्लीच बंद. हाडं तर त्यानंच झिजतात!"

"तुला हे कुणी शिकवलं?"

आरती खाली बघत म्हणाली, "पंढरी सरांनीच."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

सोमवारी ती दवाखान्यात गेली नाही, क्लासच्या ऑफिसात गेली. बाहेर पालक बसलेले. सर चहा पीत होते.

"ताई, आरती स्टार बॅचला आहे. तिचं नुकसान करू नका. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"शंभरात पंचेचाळीस, एवढं कळतं. तुमच्या घरात बी कुणाला तरी असंलच. काढली का तुमच्या बायकोची पिशवी?"

सरांचा कप बशीत आदळला.

"सर, भूकंपात किल्लारीकडं माझी आई मातीखाली गेली. मी धा वर्साची. मदतीला आलेल्या एकानं तिच्या कानातली फुलं ओरबाडली, माझ्यासमोर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा! पण त्यानं तिला मरू तरी दिलं. तुम्ही जित्या बाया सोलून राहिलात."

अन् ती त्याच्या चहाच्या कपात थुंकली.

आरतीला वर्गातून उठवून, तिचं दप्तर खांद्याला लावून ती खोलीवर आली, तेव्हा सालेहाआपा दारातच उभी होती. गल्लीत बातमी आधीच पोचलेली. पेटीच्या तळातून काढलेला कागद तिनं पुढं केला.

"शिवकन्या, माझा बी बघ ना जरा. मी कधी नीट पाहिलाच न्हाई गं."

शिवकन्यानं पाहिलं अन् कागदाची घडी घातली.

"कितीय?" सालेहाआपानं ओढणीखाली पोटावर हात दाबून धरला होता. "बोल की."

खोटं बोलायला शिवकन्याची जीभ वळेना.

"पंचेचाळीस, आपा."