गुडघे टेकवणारी पूड

रविवारी प्रार्थना संपली की युगांडातल्या मसाका गावी आमच्या चर्चच्या अंगणात बायकांची झुंबड उडायची. मध्यभागी डबे मांडून किग्गुंडू बसलेला. ना दवाखाना, ना पदवी, तरी सगळ्यांचा डॉक्टर!

"पाळी गेली की बाईची हाडं भुसभुशीत! माझी पूड म्हणजे हाडांना सिमेंट! निव्वळ कॅल्शियम आणि जंगलातल्या मुळ्या! या नबोसाबाई, दाखवा यांना!"

नबोसा म्हणजे माझी आत्या. दोन वर्षं तिला गुडघे टेकता येत नव्हते; सहा महिन्यांपासून ती ही पूड घेत होती. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायला महिन्याभरात सोयरे येणार होते आणि आमच्याकडे त्यांचं स्वागत वधूच्या आत्यानंच गुडघ्यांवर बसून करायचं असतं. आत्या सर्वांसमोर गुडघ्यांवर बसली आणि हात न टेकता उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी नर्स. मला आत्याचा चेहरा खटकला. तो गोल, टम्म झाला होता, दंडावर काळेनिळे डाग होते. मी पूड कंपालाला तपासायला पाठवली. कॅल्शियम नावापुरतं, बाकी दळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या! दुखणं त्या तीन दिवसांत दाबतात आणि हाडं आतून पोखरतात.

"आत्या, ही पूडच तुझी हाडं खातेय गं!"

"खाऊ दे. गुडघे टेकतायत ना?"

"डॉक्टरांकडे चल. एकदम बंदही करायची नाही, शरीराला तिची सवय झालीय, जिवावर बेतेल. हळूहळू सोडवावी लागेल."

"विष म्हणतेस आणि बंद करू नको म्हणतेस? शिकून डोकं फिरलंय तुझं!"

मी हात जोडले, रडले. "सोयरे येऊन गेले की येते," एवढंच म्हणाली.

सोयरे आले त्या दिवशी तिनं गुडघे टेकून थाटात स्वागत केलं. उठताना खुब्याचं हाड मोडलं. ती पडली नव्हती, कुणाचा धक्काही लागला नव्हता. किग्गुंडू दुसऱ्या दिवशी पसार झाला.

इस्पितळात तिच्या मैत्रिणी जमल्या तेव्हा मी तपासणीचा कागद वाचून दाखवला. "बायांनो, हाडं तीन दिवसांत बनत नाहीत. तीन दिवसांत गुण देणाऱ्या पुडीत काय आहे ते आधी विचारा. दूध, काट्यांसकट खायची बारीक मासळी, ऊन, चालणं, डॉक्टर सांगतील ते औषध. याला वर्षं लागतात."

एकीनं विचारलं, "अगं, पण माझ्या भाचीचे सोयरे शनिवारी येतायत. तोवर काय घेऊ?"

"काही नको, मावशी. खुर्चीवर बसून स्वागत करा."

"खुर्चीवर?"

सगळ्याजणी हसल्या. मोडलेल्या खुब्याची माझी आत्यासुद्धा.