नादुरच्या सासूसुनेचं गाणं

माझी बायको मार्तीझ माल्टाची गायिका म्हणून युरोपच्या गाण्याच्या स्पर्धेला निवडली गेली, तेव्हा गोझो बेटावरच्या आमच्या नादुर गावात एकाच माणसाला तिचं गाणं आवडलं नव्हतं. ते माणूस आमच्याच घरात राहत होतं. माझी आई, सालविना.

गाण्यातली बाई बंदरावर बसून नवऱ्याच्या बोटीची वाट बघते.

"नुसती बसून?" आई मार्तीझला विचारायची. "तुझे सासरे बोटीवर असताना मी अख्ख्या घराला रंग दिला."

"मा, गाणं आहे ते."

"गाणं आहे म्हणून काय, बाईनं कामधंदा सोडायचा?"

मार्तीझचा सराव स्वयंपाकघरात चाले आणि आईची टीकाही तिथेच. हिवाळाभर मी दोघींच्या मधे बसून मुकाट्यानं जेवलो.

स्पर्धा उत्तरेकडच्या एका थंड शहरात होती. आई टीका करत करतच विमानात चढली. पिशवीत गोझोचं चीज, टोमॅटोची चटणी, कडक बिस्किटं. "तिकडचं अन्न कोण खाणार?"

तालमी सुरू झाल्या आणि मागे सूर धरणाऱ्या रोमिनाचा घसा बसला. डॉक्टरांनी तोंडातून शब्द काढायला बंदी केली. आमच्या पथकाचे प्रमुख सिल्वियो डोकं धरून बसले.

"मा गातील," मार्तीझ म्हणाली.

"मी? त्या आळशी बाईचं गाणं?"

"तुम्हाला ते सगळं पाठ आहे. सकाळी आंघोळ करताना रोमिनाचाच भाग गात होतात. हॉटेलच्या अख्ख्या मजल्यानं ऐकला."

आई लाल झाली. पण नाही म्हणाली नाही.

पंचाईत तालमीत झाली. आई आयुष्यभर चर्चमध्ये गायलेली, तेही घुमटापर्यंत पोचेल असं. तिनं तोंड उघडलं आणि मार्तीझ ऐकूच येईना.

"सालविनाबाई, जरा हळू," सिल्वियो म्हणाले.

आईनं हळू गायचा प्रयत्न केला. बंद पडायला आलेल्या मोटारीसारखा आवाज निघाला. वाजवणारे हसले. आईनं माईक खाली ठेवला, रंगमंचाच्या पायरीवर जाऊन बसली आणि बूट काढले. "मला नाही जमायचं. दुसरी कोणी बघा."

तिचा चेहरा उतरला होता. मी उठणार एवढ्यात मार्तीझ तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मा, खरं सांगा. हे गाणं एवढं का खुपतं तुम्हाला?"

आईनं बुटांची जोडी नीट लावून ठेवली. "मीही बसायची गं बंदरावर," ती म्हणाली. "रंग देऊन झाला की रोज. कुणाला सांगितलं नाही एवढंच."

मला हे ठाऊकच नव्हतं. मार्तीझनं तिचा हात धरला आणि तिथूनच ओरडली, "सिल्वियो! मांचा माईक पुढे आणा. माझ्या शेजारी."

"अगं, पण गाणं तुझं आहे! आयत्या वेळी असं—"

"रंगमंचावर सहा माणसं चालतात ना? सहाच आहोत. शेवटचं कडवं मा म्हणतील, मी त्यांना सूर देईन."

स्पर्धेच्या संध्याकाळी आई गावच्या जत्रेचा निळा झगा घालून उभी राहिली. मार्तीझ हळुवार गायली. शेवटच्या कडव्याला आई पुढे झाली आणि तिनं आवाज मोकळा सोडला. या वेळी कोणी हसलं नाही. माझ्यापुढे बसलेला दांडगा परदेशी गडी रुमाल शोधत होता. रुमाल मलाही हवा होता.

आम्ही आठवे आलो. एका देशानं तर पूर्ण बारा गुण दिले. आईनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, "बाकीच्यांना काय ऐकू येत नव्हतं?"

गोझोच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा गावचा बँड वाजत होता आणि भरदुपारी फटाके उडत होते. बँडमास्तर म्हणाले, "दोघींनी इथेच गायला हवं!"

"आधी जेवण," आई म्हणाली. "आठवडाभर उकडलेले बटाटे खाल्लेत मी."

मग निम्मं गाव आमच्या घरी आलं. मी अंगणात खुर्च्या मांडत होतो आणि आतून आवाज येत होता.

"मा, मीठ पुरे!"

"तू गा. मीठ मी बघते."