तळ्याला भिणारी म्हैस

मी एक म्हातारी म्हैस आहे. नाव गंगा. जळगावात पिंप्राळ्याच्या टोकाला कमलबाईचा गोठा आहे, तिथे मी राहते. मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची म्हणजे मला आजही मान खाली घालावी लागते. मला तळ्याची भीती वाटते. हसलात ना? हसा. म्हैस असून पाण्याला भिणारी मीच असेन एकटी.

माझा जन्म नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला. वगार होते तेव्हा आईच्या मागे तळ्यात उतरायची. गुडघाभर पाणी आणि मऊ चिखल, अहाहा, काय सुख होतं ते! मग एका उन्हाळ्यात पोकलँड आलं आणि लोकांनी तळ्यातला गाळ काढून शेतात नेला. पावसाळ्यात तळं भरलं, वरून अगदी पूर्वीसारखंच दिसू लागलं. आम्ही नेहमीच्या वाटेनं उतरलो. मी पाऊल टाकलं आणि खाली जमीनच नव्हती! नाकातोंडात पाणी गेलं. आई पोहत पुढे निघून गेली होती. मी कशीबशी काठाला लागले, पण पोटात जी भीती बसली ती बसलीच.

पुढे मला कमलबाईनं विकत घेतलं. तिनं मला ढेप घातली, सरकी घातली, मीही भरभरून दूध दिलं. रतीबाची गिऱ्हाइकं म्हणायची, "कमलबाई, गंगेचंच दूध द्या हं!" तेव्हा माझी छाती फुगायची. पण मे महिन्यातलं जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या म्हशी इथल्या तळ्यात डुंबायच्या आणि मी काठावर धापा टाकत उभी. शेजारचे चुडामण नाना रोज टोमणा मारायचे, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! गंगा म्हने, अन् पाण्याले भिते!"

कमलबाईच्या मुलाला, नवीनला, हे फार लागायचं. तुम्हा माणसांत म्हण आहे ना, पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल? मी पाण्याबाहेर राहिले म्हणूनच माझं मोल होऊ लागलं. एक दिवस तो आईला म्हणाला, "आपलं हसं होतं गं. पाडव्याला ही सगळ्यांसमोर तळ्यात उतरली तर ठेवू. नाहीतर येत्या बाजारात विकून टाकू."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींना तळ्यावर न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात आणि वाजतगाजत मिरवतात. त्या सकाळी काठावर ही गर्दी! कमलबाई माझं दावं धरून स्वतः पाण्यात उभी राहिली. घोट्याइतकंच पाणी होतं, पण तिच्या पाठीमागे लगेच खोल होतं. "ये वं माय, ये," ती म्हणाली. तिच्यासाठी तरी उतरायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. एक पाय पुढे टाकलासुद्धा. तेवढ्यात नवीननं मागून रेटा दिला आणि चुडामण नानांनी शेपटी पिरगाळली. मी घाबरून मान झटकली. दावं कमलबाईच्या हातातून सुटलं, शेवाळावरून तिचा पाय सरकला आणि ती मागच्या मागे खोल पाण्यात गेली.

तिला पोहता येत नव्हतं. तिचा हात तेवढा वर दिसत होता, माझ्यापासून अगदी जवळ. दुसरी कुठलीही म्हैस असती तर पुढे गेली असती आणि कमलबाईनं तिची शेपटी धरली असती. मी नुसती रेकत राहिले. माझे पाय हललेच नाहीत, मित्रांनो.

नवीननं उडी मारून आईला बाहेर काढलं. तो रागानं लाल झाला होता. काठावर टाकलेला फोन त्यानं उचलला. "पाहिलंस? बुडवलं असतं तुला हिनं! आत्ताच व्यापाऱ्याला फोन करतो."

कमलबाई खोकत होती. अंगावरचं लुगडं निथळत होतं.

"ठेव तो फोन. ते बिचारी भिते. मी बी भिते. घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नही मी, लाजंपायी कोनाले सांगतलं नही. तू ढकललं नसतं तर तिनं झटका दिला नसता. अन् पोहता तर मले बी नही आलं. मंग मले बी विकशीन का?"

नवीननं फोन परत काठावर ठेवला. चुडामण नाना आपली चप्पल शोधू लागले.

मला विकलं नाही. मी अजूनही तळ्यात उतरत नाही आणि आता मला कुणी ओढतही नाही. मित्रांनो, तुमच्यातही काठावरच थांबणारं कुणी असेल. त्याला एकवेळ हसा, पण मागून ढकलू नका. हात धरून, उथळ पाण्यात, हळूहळू पोहायला शिकवा. माझं शिकायचं वय गेलं, तुमचं अजून आहे.

धार काढताना कमलबाई कधीकधी माझ्या पाठीवर हात फिरवते. "तू रेकली म्हनून नवीनचं लक्ष गेलं वं, नही तं मी गेलीच होती," असं म्हणते. नवीन तेव्हा माझ्या मागेच उभा होता, त्यानं सगळं पाहिलंच होतं. ती माझी समजूत काढते, हे मला कळतं. मी मान खाली घालते आणि तिला दूध देते.