नाथाजी हवालदाराचा सरळ पाय

“उजवा पाय वढ रं, उजवा! लढाईतनं लंगडत आलेला माणूस असा चालतोय व्हय?” मंडळाचा अध्यक्ष वीरधवल माझ्यावर खेकसला.

“मग तुमीच चाला की!” मी टोपी फेकली.

कडेगावजवळच्या आमच्या गावात दरसाली हवालदार नाथाजी लढाईतनं घरला आल्याची मिरवणूक निघती. यंदा नाथाजी मी. शाळा सोडल्यापास्नं मला कुणी कायबी होऊ दिलं न्हवतं, म्हणून टोपी परत उचलली.

त्यात खऱ्या नाथाजींचा एकबी फोटू न्हाई. मिरवणुकीतला माझा फोटू कुपवाडच्या कारखान्यात जाणार, त्यावरनं पुतळा होणार.

तालमीवरनं येताना नाथाजींच्या लेकीनं, राहीबाई आज्जीनं अडवलं. पंच्याऐंशीची हाय, पर मनगाट धरलं की सुटत न्हाई.

“माझा बा लंगडा न्हवता.”

“आवं आज्जी, समद्या गावाला ठावं हाय...”

“काय ठावं? मिरवणुकीत जोतिबा हा नाथाजी झाल्ता तवा त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडल्ता. फुडच्या साली दुसऱ्यानं त्याचं बघून पाय वढला. झालं! बा आला तवा वेशीपास्नं त्याच्या खांद्यावर मी हुते. लंगडला असता तर मला हिसकं बसलं नसतं? आता पुतळा लंगडा झाला तर जल्माचा लंगडा ऱ्हाईल रं.”

मी जोतिबाकाकाला गाठलं. “काटा मोडल्ता खरा,” काका म्हणला, “पर आता नाथाजी लंगडंच हुतं.”

माझं डोस्कंच फिरलं.

मिरवणुकीत मी सरळ चाललो. “खोटा नाथाजी!” लोकं वरडाय लागली. वीरधवल शेजारनं “पाय! पाय!” करत पळत हुता. मी ताठ. आज्जी कट्ट्यावर बसून डोळं पुसत हुती.

फकस्त एक झालं. प्यांट वीरधवलची, लय ढगळी. देवळापाशी पट्टा तुटला. तितनं फुडं डावा हात कमरंवरनं काढायची सोय न्हवती. फोटूबी तितंच निघाला.

आज सकाळी गल्लीत बारकी पोरं छाती काढून, डावा हात कमरंवर दाबून चालत हुती.

“ह्ये काय रं?”

“नाथाजी! कमरंत गोळी लागल्ती त्यास्नी.”

एकाच्या कानाखाली वढणार, तवर वीरधवलचा फोन. “शिवत्या, कारखान्यात मातीचा नमुना झालाय गड्या. कमरंवरचा हात तर लय झ्याक आलाय!”

ही बातमी आज्जीलाबी पोचलेली दिसतीय. काठी घिऊन आमच्याच गल्लीत वळलीया. मला आता निघाया पायजे.