काकूंना काय होतंय ते बघू

मालकीणबाई वरून खाली आल्या, मशिनी बंद करायला लावल्या आणि म्हणाल्या की माल घेणाऱ्या कंपनीची अट आहे. कारखान्यातल्या सगळ्यांनी लस घेतलेली पाहिजे, नाहीतर शर्टांची पुढची ऑर्डर दुसरीकडे जाईल. शाळेच्या मैदानात गाडी येऊन उभी राहणार आहे. जाऊन टोचून घ्या म्हणजे झालं.

मग त्या वर निघून गेल्या. (त्यांनी घेतली? नाही. त्यांना ॲलर्जी होती. कशाची, ते डॉक्टर शोधत होते.)

खाली कुणीच मशीन चालू केली नाही.

*

कारण लस घेतली की केस गळतात, आणि केस नाही गळले तर ताप येतो, आणि ताप उतरला तर पोरं होत नाहीत, आणि ज्यांना आधीच झालीत त्यांची पोरं उलट बोलायला लागतात (ती आधीपासूनच बोलत होती, असं इस्त्रीवाला म्हणाला, पण त्याचं कोण ऐकतंय), आणि दंडाला चमचा चिकटतो, आणि मशीनवर कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवालीच्या दिराच्या ऑफिसातला एक धडधाकट माणूस लस घेऊन घरी आला, चपला काढल्या, आणि –

"आणि काय?"

"झोपला."

"मेला?"

"नाही, उठला नंतर. पण आधी असा दुपारचा कधी झोपायचा नाही."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

रोगाची भीती नव्हती असं नाही. रोगाने त्यांचा जुना वॉचमन नेला होता, त्याची खुर्ची अजून कुणी वापरत नव्हतं. पण रोग आपणहून येतो. लस घ्यायला स्वतःच्या पायाने जावं लागतं.

*

"आधी एकानं घ्यायची," कटिंग मास्तर म्हणाले. "मग बघू."

"तुम्ही घ्या."

"मला काही झालं तर कापड कोण कापणार? तू?"

ओव्हरलॉकवालीची दोन पोरं लहान होती. इस्त्रीवाल्याचं लग्न ठरत होतं.

"कधीपासून ठरतंय रे?"

"ठरतंय ना पण!"

मग सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. तिथे, खिडकीखालच्या स्टुलावर, काकू बटणं लावत बसल्या होत्या. हाताने बटणं लावणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी कॉलरच्या बटणाचा दोरा दातांनी तोडला आणि पुढचा शर्ट ओढला.

"काकू."

"हं."

"तुमच्या घरी तसं कोण आहे?"

"भाची आहे की. तिच्याकडेच राहते मी."

"भाची म्हणजे काय मुलगी नव्हे. नवरा नाही, मूलबाळ नाही. म्हणजे वाईट वाटून घेऊ नका हं, चांगल्या अर्थाने म्हणतेय," ओव्हरलॉकवाली म्हणाली.

काकूंनी सुई शर्टात टोचून ठेवली. त्यांची नजर अलीकडे अधू झाली होती, हातही पहिल्यासारखा चालत नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. काम सुटलं तर भाची घरात ठेवेल का, हा हिशेब त्या रोज घरचा जिना चढताना करायच्या.

"घेते मी," त्या म्हणाल्या. "पण माझी ही जागा राहू दे."

"वेड्या आहात का काकू! तुमची जागा कोण घेतंय?"

"शब्द द्या."

सगळ्यांनी दिला. मास्तरांनी तर गळ्याला हात लावून दिला. इस्त्रीवाल्याने त्यांच्यासाठी चहा आणला आणि कपाखाली बशी दिली. बशी काकूंच्या वाट्याला पहिल्यांदाच आली.

*

नर्स: मागच्या बाई कोण?

ओव्हरलॉकवाली: सोबत आहे मी त्यांच्या.

नर्स: तुम्हालाही टोचू का?

ओव्हरलॉकवाली: नको नको. मी फक्त सुई आत जाते का ते बघायला आलेय.

*

लस घेतलेल्या बाईकडे बघायचं ते असं. तिला पंधरवडाभर कारखान्यात येऊ द्यायचं नाही. रोज दुपारच्या सुट्टीत तिच्या खिडकीसमोर रस्त्यावर उभं राहायचं, फार जवळ जायचं नाही. आधी डोळे बघायचे, मग ओठ. "बऱ्या आहात ना?" असं विचारायचं, पण उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, कारण माणूस खोटं बोलतो. मग खालून काठीच्या टोकाला लावून सुई आणि दोरा द्यायचा आणि म्हणायचं, ओवून दाखवा.

ही मास्तरांची कल्पना. डोळा, हात आणि डोकं तिन्ही शाबूत असल्याशिवाय सुई ओवली जात नाही, असं ते म्हणाले. कारखान्यातल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. डॉक्टरांना एवढी साधी तपासणी कशी सुचली नाही, याचं त्यांना हसू आलं.

पहिल्या दिवशी काकूंना ताप होता. अंग ठणकत होतं, दंड दगडासारखा झाला होता. त्यांनी केस विंचरले, तोंडावर पाणी मारलं आणि खिडकीत येऊन हसत बसल्या. सुईचं भोक त्यांना दिसतच नव्हतं. दोरा एकदा चुकला. खाली रस्त्यावर कुणीतरी "गेल्या!" म्हणालं. त्यांनी दोरा ओठांत ओला केला, डोळे मिटले आणि बोटांच्या सवयीने ओवला.

"ओवली! ओवली!"

इस्त्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. सुई ओवली जाणार नाही अशी पैज मास्तरांनी लावली होती, ते नुसतेच मान हलवत राहिले.

घरात भाचीने त्यांचं ताट दाराबाहेर सरकवलं. "मावशी, खाल्लंस की तूच घासून ठेव हं. म्हणजे आमच्यात मिसळायला नको."

*

शर्ट मात्र बटणांवाचून साचत चालले. काकूंकडे गठ्ठा पाठवावा, असं एकदा निघालं. पण लस टोचलेला हात शर्टाला लागणार, तो शर्ट कुणीतरी घालणार. इस्त्री कोण करणार त्याला? मी तर नाही, असं इस्त्रीवाला म्हणाला.

म्हणून मास्तर जुन्या बाजारात गेले आणि बटण लावायची मशीन घेऊन आले. ती ठेवायला उजेडाची जागा लागत होती. स्टूल उचलून जिन्याखाली ठेवलं, कापडाचे उरलेले तुकडे ठेवायला उपयोगी पडलं. ओव्हरलॉकवाली दोन दिवसांत शिकली. पायाने दाबायचं, खटक, बटण लागलं. खटक.

"अगंबाई," ती म्हणाली, "काकू दिवसभर काय करायच्या गं मग?"

*

पंधरवडा सरला. काकूंना काही झालं नाही. सगळा कारखाना मैदानात गेला, रांगेत एकमेकांना ढकललं, दंड पुढे करून फोटो काढले. काकूंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. घाबरलेल्यांचा हात धरायला. त्यांनी सगळ्यांचे हात धरले. इस्त्रीवाला रडला, त्याचे डोळे त्यांनी पदराने पुसले.

"आता येऊ ना उद्यापासून?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"हो हो. म्हणजे, जागेचं जरा..."

"शब्द दिला होता तुम्ही."

"जागा तिथेच आहे काकू, ती काय पळून जातेय? त्यावर फक्त मशीन आलीय."

ओव्हरलॉकवालीने त्यांना जवळ घेतलं. "तुमच्यामुळे आम्ही सगळे वाचलो. आता आराम करा. किती राबलात!"

घरी भाचीने एवढंच विचारलं, "मग उद्यापासून घरीच?" आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याशी हळू आवाजात बोलत बसली. दार लोटून.

*

आणि मग दुसरी.

कुणाला माहीत होतं दोन असतात आणि कंपनीला दोन्ही लागतात म्हणून? पहिली नुसती वाट करायला असते, खरी दुसरी. पहिलीने काही झालं नसेल तर ते दुसरीने होतं. पाय जातात. हात जातो. हे ओव्हरलॉकवालीच्या दिराने सांगितलं. तोच तो, ज्याच्या ऑफिसातला माणूस झोपला होता.

मास्तर स्वतः भाचीच्या घरी आले. सोबत केळी.

"काकू, तुमची एक झालीच आहे. दुसरी घेतली नाही तर पहिली वाया जाते म्हणे."

"माझी, की तुमची?"

मास्तर हसले. "तुम्हाला आता सवय झालीय ना."

"कामाचं काय?"

"ते बघू ना नंतर. काढू काहीतरी. धागे कापायला वगैरे लागतंच माणूस."

भाची दारातून म्हणाली, "जा की मावशी. घरी बसून तरी काय करतेस?"

काकू गेल्या. सुई आत गेलेली बघायला या वेळी कुणी आलं नाही, त्यांच्यावर आता विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खिडकीखाली जमले. काकूंना ताप नव्हता. दंडही फारसा दुखत नव्हता. रस्त्यावरून वर वळलेली तोंडं त्या बघत राहिल्या. ओव्हरलॉकवालीने सुई-दोरा काठीच्या टोकाला लावून वर धरला होता.

"ओवा ना काकू!"

काकूंनी डाव्या हाताने सुई घेतली. उजवा हात त्यांनी मांडीवरून घसरू दिला आणि तो तसाच, खांद्यापासून ओल्या कापडासारखा, लोंबत ठेवला.

"उजवा उचला की."

"उचलत नाहीये गं," काकू म्हणाल्या.

खाली इस्त्रीवाला एक पाऊल मागे सरकला. ओव्हरलॉकवालीचा हात आपोआप आपल्या दंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते बघताना काकूंना इतकं बरं वाटलं की हसू दाबायला त्यांना ओठ चावावा लागला. आता घाबरा. आता तुमची ऑर्डर जाऊ दे, तुमची मशीन पडू दे गंजत.

"हात गेला काकूंचा," कुणीतरी पुटपुटलं.

मास्तरांनी डोळे बारीक करून बराच वेळ वर बघितलं. मग म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं."

"हो ना?"

"मग? या वयात हात जातोच. लस घ्या, नका घेऊ. माझ्या सासूबाईंचा काय लस घेऊन गेला होता?"

"खरंच की. आधीपासूनच चालत नव्हता त्यांचा हात नीट."

"म्हणून तर मशीन आणावी लागली."

"बरं झालं आणली. आता केवढं अडलं असतं!"

चेहऱ्यांवर रंग परत आला. कुणीतरी हसलंसुद्धा. सुट्टी संपायच्या आत मैदानात जाऊन यायचं ठरलं, इस्त्रीवाल्याने सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं ठरलं, आणि त्याचं लग्न पुन्हा एकदा निघालं.

"काळजी घ्या हं काकू!" ओव्हरलॉकवाली वळता वळता ओरडली. दोरा तिने गुंडाळून कमरेला खोचला. सुई वर राहिली होती, ती तिने मागितली नाही.

ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत काकूंनी हात तसाच लोंबता ठेवला.

"मावशी," आतून भाचीचा आवाज आला, "गेले ना ते? खिडकी लाव ती, धूळ येतेय."

ती खिडकी फुगलेली होती, एका हाताने लागायची नाही. काकू थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या आणि दोन्ही हातांनी तिला आत ओढलं.