मागची लाकडं

मी शेगडीवरचा पाइप बोलतोय. धुराचा. माझा घसा बसलाय, अंगात डांबरासारखा चिकट थर साचलाय आणि डोकं कायम तापलेलं असतं. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने सपाट पत्रा रुळांतून काढून गोल केला, कडा एकमेकींत अडकवल्या आणि हातोडीने असं ठोकलं की आठवलं तरी कान वाजतात. मग मला या घरात आणून बसवलं. बैठकीच्या खोलीतल्या शेगडीवरून मी सरळ वर जातो आणि छपरातून बाहेर डोकं काढतो. त्यामुळे घरातली भांडणंही मला ऐकू येतात आणि अंगणातले उद्योगही दिसतात.

मला आणलं घरातल्या थोरल्यांनी. शिस्तीचा माणूस. वखारीत जाऊन दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघायचे. ठणठणीत आवाज आला तरच घ्यायचे. वर्षातून दोनदा छपरावर चढून तारेच्या ब्रशने मला आतून खरवडायचे. दुखायचं, पण नंतर श्वास मोकळा व्हायचा. ते गेले आणि घर मुलाच्या ताब्यात आलं. तिथून माझे हाल सुरू झाले.

हा मुलगा, म्हणजे आता पासष्टीचा गृहस्थ, बस डेपोच्या स्टोअरमधून निवृत्त झाला. त्याचं नाव मी फुकटराव ठेवलंय. नुसत्या कॅलेंडरसाठी त्याने तीन बँकांत खाती उघडली आहेत आणि तिन्ही कॅलेंडरं एकाच भिंतीवर लटकतात. घरात त्याची बायको आहे आणि थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली तेव्हा आक्कानेच याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. तिने आयुष्यभर दवाखान्यात परिचारिकेची नोकरी केली. आता तिची छाती अधू झाली आहे आणि तिला ऊब लागते, म्हणून तिची खुर्ची शेगडीशेजारी असते.

एके दिवशी समोरच्या रस्त्यावर झाडं कापणाऱ्या कंपनीची माणसं आली. विजेच्या तारांत घुसलेलं एक मोठं झाड उतरवत होती. फुकटराव फाटकाशी उभा राहून बघत होता.

"या ओंडक्यांचं काय करता हो?" त्याने मुकादमाला विचारलं.

"टाकायला लांब जावं लागतं, काका. तुम्हाला हवेत का?"

"कसे देता?"

"घेऊन जायचेच आहेत कुठंतरी. जागा दाखवा, टाकतो."

फुकटरावाचा चेहरा असा उजळला की बायकोने आतून विचारलं, काय झालं म्हणून. त्याने पळत जाऊन चहा आणला. मुकादम माणूस सरळ होता. त्याने स्पष्ट सांगितलं, "हे ओलं आहे. फोडा, रचा, वरून झाका आणि दोन वर्षं हात लावू नका. आणि आमची एक यादी असते. जे येईल ते घ्यायचं, निवडायचं नाही. एकदा नको म्हणालात की नाव गेलं. मागणारे खूप आहेत."

पहिली गाडी आली तेव्हा नवरा-बायकोने खरंच कष्ट केले. ओंडके फोडले, मागच्या भिंतीला सुरेख थप्पी रचली, वरून पत्रे टाकले. मला वाटलं, चला, बापाचा गुण उतरला.

मग दुसरी गाडी आली. ती त्या थप्पीच्या पुढे रिकामी झाली. तिसरी तिच्या पुढे. नको म्हणायची सोय नव्हती, नाव जाईल ना. दोन वर्षांत अंगण फाटकापर्यंत भरलं. मागची लाकडं वाळून खडखडीत झाली, पण तिथवर पोचायला वाट राहिली नाही. आणि हा माणूस शेगडीत काय घालत होता? पुढची, महिन्यापूर्वी कापलेली, टोकातून पाणी गाळणारी लाकडं.

"अहो, मागची काढा की," बायको म्हणायची.

"काढू. आधी हे पुढचं संपू दे."

पुढचं संपणार कसं? दर पंधरवड्याला गाडी येत होती. एवढं साधं गणित डेपोच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळू नये, याचा मला मनापासून संताप येतो.

ओलं लाकूड जळत नाही, कुढतं. त्याचा जड, आंबट धूर माझ्यात चढतो आणि अर्ध्या वाटेत थंड होऊन मला चिकटतो. थरावर थर. माझा आतला घेर निम्मा झाला. मला वर फेकता येईना, तेव्हा मी धूर खाली खोलीत सोडू लागलो. तो पहिल्यांदा जायचा आक्काच्या नाकात. ती खोकायला लागली की थांबायची नाही. मला लाज वाटायची, पण मी तरी काय करणार होतो?

"आक्का, खिडकी उघडू का?" तो विचारायचा.

"खिडकी उघडून शेगडी पेटवायची, तर अंगणातच जाऊन बसते मी," ती म्हणायची.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या आतल्या थराने पेट घेतला. मी आगगाडीसारखा गर्जायला लागलो, खालचा सांधा लाल झाला. फुकटराव खुर्चीत रेलून म्हणाला, "बघा, आज कसा मस्त ओढतोय."

आक्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, शेगडीचं दार लावलं, तिची हवेची झडप घट्ट बंद केली आणि माझ्यामागच्या भिंतीला तळहात लावून तो झटकन मागे घेतला. "मस्त ओढत नाहीये. पेटलाय तो," एवढंच म्हणाली. हवा तुटली आणि मी हळूहळू विझलो. त्या दिवशी घर वाचलं ते तिच्यामुळे.

नंतर तिने भावाला समोर बसवलं. "यापुढे एक गाडी फाटकाच्या आत आली, तर मी बाहेर जाणार. भाचीकडे. मला श्वास घ्यायचाय रे, बाकी काही नको."

"नाही येणार, आक्का. फोन करून सांगतो."

त्याने फोन केला नाही. रोज हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा.

काल सकाळी गाडी आली. आक्का दारात येऊन उभी राहिली. बायको तिच्यामागे होती. फुकटराव फाटकापाशी गेला आणि मला वाटलं, आता म्हणेल, नको. म्हण की मेल्या, एक शब्द आहे.

तो हळूच म्हणाला, "कुठलं लाकूड आहे?"

"एकदम कठीण आहे, काका. असं रोज मिळत नाही."

त्याने मागे वळून बहिणीकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. गाडीचा हौदा उचलला गेला. ओंडके गडगडत पायरीपर्यंत आले.

आक्का आत गेली आणि बॅग घेऊन आली. ती आधीच भरलेली होती, म्हणजे तिने भावाला बरोबर ओळखलं होतं. तिने मुकादमाला विचारलं, "स्टँडपर्यंत सोडशील का, बाबा?"

"बसा ना, मावशी. त्याच वाटेनं चाललोय."

फुकटराव ओंडक्यांच्या मध्ये उभा राहून "आक्का, अगं ऐक तरी" म्हणत राहिला. ओंडके ओलांडून गाडीपर्यंत मात्र त्याला वेळेत पोचता आलं नाही.

मला तिची फार आठवण येते. रविवारी ओल्या फडक्याने मला पुसायची ती एकटीच.

काल संध्याकाळी बायकोने शेगडी पेटवली नाही. आजही नाही. शाल गुंडाळून ती आक्काच्या खुर्चीत बसली आहे.

"अगं, गारठलो की मी," तो म्हणाला.

"मागची लाकडं आणा. छपरावर चढून पाइप घासा. मग आक्कांना आणा. त्या या खुर्चीत बसल्या की काडी लावते."

तो उठून बाहेर गेला. आता अंगणात उभा आहे, हातात कुऱ्हाड घेऊन, त्या सगळ्या ढिगापुढे. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळत नाहीये. मला त्याची दया येत नाही. मी कितीतरी दिवसांनी पार गार पडलोय आणि मला ते चालतंय.

बाई, माझं एवढंच मागणं आहे. तो थरथरत आत येईल, केविलवाणं तोंड करेल, एखादं ओलं लाकूड पुढे करेल. तेव्हा काडीपेटी देऊ नका.

अंगणातून कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.