धाकट्याने उचललेला वाटा

वाटणीसाठी नथ्थूने पंचांसमोर घोंगडीवर दोन शेतांची दोन ढेकळं मांडली. एक तापीकाठच्या मळईचं, काळंभोर. दुसरं टेकाडावरच्या बरडाचं, नुसते खडे. काळ्या ढेकळावर त्याने घोडीचा लगामही ठेवला आणि तो आपोआपच तिथे पडला असावा तसा दुसरीकडे बघत बसला.

पंचांतला म्हातारा वाहरू खाकरला.

"मोठानी वाटा पाडाना, धाकलानी उचलाना. रीत शे. उचल, भिला."

नथ्थूला कसली धास्ती नव्हती. प्लेगात आई-बाप गेले तेव्हा भिला नुकता चालायला लागला होता. तेव्हापासून जेवताना नथ्थूने भाकरी मोडून पुढे ठेवायची आणि भिलाने लहान तुकडा उचलायचा, हे ठरूनच गेलं होतं. मोठ्या तुकड्याला पोराने कधी हात लावला नाही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं नथ्थू चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. आजही भिला बरडच उचलणार होता आणि पंच त्याचं कौतुक करणार होते.

भिलाने काळं ढेकूळ उचललं, लगामासकट.

नथ्थू पुढे झुकला.

"भिला, नीट दख रे."

"दखं ना, दादा. वाटा तू पाडेल शेतस. दोन्ही सारखाच व्हतीन."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच नथ्थूच्या जास्त जिव्हारी लागलं.

पंच उठले. भिला घोडी सोडून घेऊन गेला. जाताना ती एकदा खिंकाळली आणि नथ्थूच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला खांद्यावर बसवून सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे दाखवले, त्यानेच केसाने गळा कापला होता.

घरात बायकोने, छबूबाईने, ताट वाढलं.

"त्याले मी लहानना मोठा कया," नथ्थू म्हणाला, "आनि त्यानी मन्हा घात कया."

छबूबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"वाटा तं तुम्हीच पाडात ना?"

"मंग?"

"मंग काही नही. जेवा."

तिने गरम भाकरी ताटात टाकली. नथ्थूने ती सवयीने मोडली आणि दोन्ही तुकडे भिलाच्या जागेकडे सरकवले. मग त्याचा हात तिथेच थांबला.

एक तुकडा चांगला मोठा होता आणि दुसरा जेमतेम त्याच्या निम्मा. भाकरी काही वेडीवाकडी तुटली नव्हती. बोटांनी जिथे मोडायची तिथेच मोडली होती, रोजच्यासारखी.

छबूबाई दुसरी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

नथ्थूने दोन्ही तुकडे पुन्हा आपल्याकडे ओढले. समोर आता कुणीच नव्हतं. हवा तो तुकडा घ्यायला तो मोकळा होता. भाकरी निवत गेली, पण कुठला तुकडा उचलावा ते त्याला कळेना.